बापाचं दुःख

कोल्हापूरच्या त्या छोट्या चित्रगृहात प्रेक्षक तिकीट दाखवत आणि कपाळाला संवेदनपट्टी लावून खुर्चीत बसत. पडद्यावर जे घडे, ते घडताना त्या माणसाच्या शरीराने जे भोगलं, ते पट्टीतून प्रेक्षकाच्या शरीरात उतरे. ‘उरलेले दोघे’ हा सौमित्र राजाज्ञेचा स्वतःच्या मोडलेल्या संसारावरचा चित्रपट. संसार सावरावा म्हणून समुपदेशकाने नवरा-बायकोला अशा पट्ट्या लावायला दिल्या होत्या; त्याच नोंदी त्याने चित्रपटात वापरल्या होत्या. त्याच्यापासून घटस्फोट घेतलेली केतकी शेवटच्या रांगेत बसली होती.

भांडणं तिने शांतपणे पाहिली. त्याचा राग तिच्या अंगात भिनला, थोडा पटलाही. मग बारशाआधीच गेलेल्या त्यांच्या मुलीचा प्रसंग आला. दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतलेला सौमित्र खिडकीशी उभा होता. चित्रगृहात हुंदके ऐकू येऊ लागले. शेजारचे गृहस्थ छाती दाबत पुटपुटले, “बापाचं काळीज असं तुटतं होय.”

केतकीच्या छातीतही ठणका उठला. जड, तापलेला, काखेपर्यंत गेलेला. तिने तो ओळखला. प्यायला बाळ नाही आणि दूध दाटून येतंय, तेव्हाचा ठणका.

खेळ संपताच तिने सौमित्रला यंत्राच्या खोलीत गाठलं.

“ते दुखणं माझं आहे.”

तो यंत्राच्या तारा गुंडाळू लागला.

“तुझी नोंद का नाही लावलीस?”

“तिच्यात काही नाही. हवं तर बघ.”

तिने पट्टी लावली. तहान. अवघडलेली मान. बोटाला चावणारा बूट. त्याखाली नुसती सपाट, थंड शांतता.

“माझ्या आईला सांगत होतास, केतकी फार रडते,” ती म्हणाली. “आणि आता माझंच रडणं अंगावर घालून टाळ्या घेतोस?”

“मला रडायचं होतं गं. आलंच नाही. हे लोकांना काय दाखवू?”

“हेच दाखव. उद्या माझं काढलेलं नसेल, तर मी कोर्टात जाईन.”

दुसऱ्या दिवशी त्या प्रसंगाला सौमित्रची स्वतःची नोंद होती. कुणी रडलं नाही. चार-दोन जण उठून गेले. केतकी दाराशी उभी राहून पाहत होती आणि तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता.

दिवे लागल्यावर एक म्हातारे गृहस्थ तेवढे बसून राहिले. ती जवळ गेली.

“माझा मुलगा गेला तेव्हा मला अगदी असंच झालं होतं,” ते खाली बघत म्हणाले. “बायकोने मला दगड म्हटलं. मलाही ते खरं वाटलं. बाई, हेसुद्धा दुःखच असतं का?”