चमचाभर पाक

त्या सकाळी जपमाळेचे मणी ओढत मी तळ्याकाठच्या पायवाटेनं शाळेकडे चालले होते, आणि झाडांमधून कुणीतरी कळवळून ओरडलं, “अरे थांब! थांब ना बाबा!”

मी थांबले.

मग कळलं, ते मला नव्हतंच. ते उतू जाणाऱ्या पाकाला होतं.

म्हाताऱ्या लिअँडरकाकांच्या पाक आटवायच्या खोपटाचं दार सताड उघडं होतं. आत वाफच वाफ... आणि त्या वाफेत एक उंच माणूस रिकामी बादली घेऊन काहिलीभोवती नुसता नाचत होता. मेपलच्या झाडांच्या गोड रसाचा फेस काहिलीच्या काठावरून डोकं काढत होता, दुधासारखा, पण दुधाहून हट्टी. चुलाणात सांडलेल्या थेंबांचा करपट वास वाटेपर्यंत आला होता.

एरवी मी परक्याच्या दारात पाऊल टाकत नाही. पण पाक करपताना बघवत नाही मला, आमच्या घराण्याचं रक्तच तसं. मी डबा उघडला, पावावरचं लोणी बोटानं खरवडलं आणि फेसात टाकलं.

फेस बसला. रागावलेल्या मुलाला आईनं नुसती हाक मारावी, तसा.

तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. भुवयांवर काजळी, ओठांवर मिशी... नव्हे, तीही काजळीच.

“कसला मंत्र टाकलात?”

“लोणी.”

“एवढंच?”

“चण्याएवढं पुरतं. मी घाईत जरा जास्तच टाकलं.”

“म्हणजे तुमचा डबा—”

“कोरडा पाव राहिलाय. चालतो मला.”

“तुम्हाला चालेल, काकांना नाही चालणार! माझ्यामुळे एक बाई कोरडा पाव खाते हे कळलं, तर दुखऱ्या गुडघ्यांनी ॲरिझोनाहून चालत येतील.” त्यानं घाईघाईनं लाकडी चमचा काहिलीच्या शेवटच्या कप्प्यात बुडवला आणि माझ्यापुढे धरला. “हा घ्या, पावाला लावा. माझ्या हातचा पहिला पाक. अजून कुणी चाखलेला नाही.”

चमच्यातून वाफ निघत होती. उन्हात धरलेल्या कोऱ्या चहाचा रंग... आणि तो वास! देव मला क्षमा करो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

“नको,” मी म्हटलं. “आभारी आहे, पण... मला उशीर होतोय.”

वळणावर मागे पाहिलं, तर चमचा अजून तसाच हवेत होता.

राखेच्या बुधवारी आमचा उपासकाळ सुरू होतो, तेव्हापासून ईस्टरपर्यंत मी गोड सोडलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. उपास मिरवायचा नसतो, तोंड धुवून, केस विंचरून हसतमुख फिरायचं, हे लहानपणापासून मनात बसलेलं. देवाला कळलं की पुरे.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या वाटेनं जायचं ठरवलं. पाय मात्र त्याच वाटेनं गेले.

तो दारातच उभा होता. आज तोंड धुतलेलं. हातात लोण्याची अख्खी वडी.

“परतफेड,” तो म्हणाला. “व्याजासकट.”

त्याचं नाव आन्सेल. मिलवॉकीत पूल बांधणाऱ्यांच्या कचेरीत नकाशे काढायचा. काकांचे गुडघे गेले, लेकीनं त्यांना उन्हाच्या गावी नेलं, आणि तीनशे मेपलांची राई एका पुतण्याच्या गळ्यात पडली. काकांची अट साधी होती. एक वसंत चालवून बघ. ईस्टरच्या दुपारी फोन करीन, राहतोस की जातोस ते सांग. गेलास तर झाडं लाकूडवाल्याला देईन, कारण न पाहिलेली राई आजारी पडते.

“आणि तुम्ही ओदील,” तो म्हणाला. “शाळेच्या वाचनालयातल्या. तुमच्या आजोबांनी पंचक्रोशीला पाक शिकवला. दुकानात विचारलं मी.”

“चौकशा करता?”

“लोणी कुठं मिळतं ते विचारायला गेलो होतो. दुकानदार फार बोलका आहे.”

मग मी रोज शाळेआधी तासभर थांबायला लागले. रात्री गोठावं, दुपारी वितळावं, अशा दिवसांत मेपल भरभरून देतो. गुडघाभर बर्फातून आम्ही घसरगाडी ओढत खोडांतल्या तोट्यांखाली टांगलेल्या रसाच्या बादल्या गोळा करायचो. खालून ओढ्याचा आवाज, वरून चिकॅडीची किलबिल, आणि मध्ये आन्सेलचं घसरून पडणं.

“हसू नका!”

“मी कुठं हसले?”

“डोळ्यांनी हसलात. पाहिलं मी.”

“पडता पडता माझे डोळे बघत होतात? म्हणूनच पडलात.”

हे मी बोलले? मीच? घरी जाईपर्यंत कान गरम होते.

पाक झाला कसा ओळखायचा, तेही मी शिकवलं. “कलथा वर काढायचा. थेंबथेंब पडला तर कच्चा. काठावर थेंबांनी एकमेकांचे हात धरले आणि पडद्यासारखे लोंबले, की झाला.”

“हात धरले?”

“आजोबा तसंच म्हणायचे.”

“आजोबा रसिक होते म्हणायचे.” तो कलथ्याकडे बघत होता. माझ्याकडे न बघण्यासाठी बघत होता... “चाळीस बादल्या रस आटवायचा, तेव्हा बादलीभर पाक. एवढा धीर असतो कुणाला?”

“असतो काहींना.”

तेव्हा त्यानं पुन्हा चमचा पुढे केला. “आता तरी?”

“नको, आन्सेल.”

त्यानं बाटलीवर तारीख लिहिली, फळीवर ठेवली. बाटल्यांची रांग वाढत होती, आणि त्याच्या कपाळावरची आठीही.

घरी धाकट्या बहिणीनं, कोरीननं मला धरलंच. “ओडी, रोज उठून पाकाच्या खोपटात जातेस आणि केकला हात लावत नाहीस. मी आंधळी नाही. त्याला सांगून टाक ना, व्रत आहे म्हणून!”

“सांगितलं की त्याची चव जाते.”

“व्रताची जाते. त्या बिचाऱ्याचं काय?”

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपली तेव्हा तळ्याच्या काठाकाठानं बर्फ सुटला होता. कडेनं नावेपुरतं काळंभोर पाणी, आत अजून राखाडी बर्फाची मोठी थाळी. आन्सेल चर्चच्या पायऱ्यांपाशी वल्हं खांद्यावर टाकून उभा.

“लून परत आलेत. दाखवतो, चल.” तुम्ही-बिम्ही केव्हाच गळून पडलं होतं.

नाव बर्फाला घासत हळूहळू सरकत होती. काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसे बर्फाचे सुटे तुकडे वाजत होते. उघड्या पाण्यात लून पक्ष्यांची जोडी होती, काळ्या पाठीवर पांढऱ्या टिकल्या. एकानं बुडी मारली. दुसरा मान वळवून वाट बघत राहिला... तो वर येईपर्यंत आम्ही दोघंही श्वास धरून होतो.

“दरवर्षी येतात?” आन्सेलनं हळूच विचारलं.

“याच तळ्यावर. बर्फ सुटला की.”

“दुसरीकडे जावंसं वाटत नाही त्यांना?”

“त्यांनाच विचार. मला तर कधी वाटलं नाही.”

त्यानं वल्हं आत घेतलं. पिशवीतून फडक्यात बांधलेल्या गरम घावनांची चळत काढली आणि एक बाटली. “आज तिसऱ्यांदा विचारतो. सगळ्यात चांगली बाटली आहे ही. मला तरी वाटतं.”

रविवार उपासात धरत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पुष्कळजणी रविवारी सूट घेतात. मी घेत नाही. ठरवलं ते ठरवलं.

“घावन घेते,” मी म्हटलं. “नुसतं.”

नाव स्थिर होती, तरी काहीतरी हललं. आन्सेलनं बाटलीचं झाकण लावलं, फार काळजीपूर्वक लावलं.

“ओदील, पुढच्या रविवारी काकांचा फोन येईल. मी रोज वाट बघत होतो, तू चाखशील, तोंड वाकडं करशील, काहीतरी बोलशील. ज्या घरानं सगळ्यांना पाक शिकवला, त्या घरची मुलगी माझा पाक जिभेला लावत नाही.” तो हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर टिकेना. “तू भली आहेस म्हणून बोलत नाहीस. मला उत्तर मिळालं.”

ओठांवर आलं होतं. पण मी ते गिळलं, आणि व्रत राखल्याचं मनातल्या मनात पुण्यही मोजलं. काय म्हणावं मला!

आठवडाभर मी दुसऱ्या वाटेनं गेले. या वेळी पायही गुमान गेले.

शुभ शुक्रवारी, गुड फ्रायडेला, चर्चमध्ये गुडघे टेकून बसले असताना ध्यानात आलं, की मी प्रार्थना करत नाहीये. मी माझं व्रत किती अखंड राहिलं ते न्याहाळत होते, एखादी बाई आरशात नवा झगा न्याहाळते तसं. लोकांपुढे मिरवलं नव्हतं, एवढंच. स्वतःपुढे मिरवतच होते. आणि त्यापायी एक माणूस रोज हातात चमचा धरून उभा राहिला होता. उपास माझा, आणि उपाशी तो.

शनिवारी सकाळी धावतच गेले. खोपटाबाहेर त्याची गाडी, मागच्या सीटवर बॅग. चुलाणावर शेवटचा घाणा होता.

“आन्सेल, मी राखेच्या बुधवारपासून गोड खाल्लेलं नाही.”

तो कलथा हातात धरून वळला. “म्हणजे?”

“व्रत आहे. केक नाही, साखर नाही, पाक नाही. उद्यापर्यंत.”

“आणि हे तू मला आज सांगतेस?”

“सांगायचं नसतं... असं मला वाटत होतं.”

“देवा!” तो मटकन ओंडक्यावर बसला. “काय चुकतंय म्हणून मी डोकं फोडून घेत होतो! गाळणं बदललं. लाकडं बदलली. एकदा तर साबण बदलला!”

“साबण कशाला?”

“म्हटलं पाक नाही, मीच आवडत नसेन.”

चुलाणातलं लाकूड फुटलं. नाहीतर माझ्या छातीतला आवाज त्याला ऐकू गेला असता.

“उद्या चाखीन,” मी म्हटलं. “आणि खरं तेच सांगेन.”

“खरं तेच हवंय मला. ते ऐकूनच काकांना उत्तर देईन.”

ईस्टरची मिस्सा संपली. घंटा वाजत होत्या, मुलं रंगीत अंडी शोधत पळत होती. आन्सेल इस्त्रीच्या सदऱ्यात आला. हातात बाटली, चमचा. “कालचाच. सगळ्यात ताजा तुझ्यासाठी ठेवला.”

कोरीन डोळे वटारून बघत होती. मी कपाळापासून क्रूसाची खूण केली आणि चमचा तोंडात घेतला. सेहेचाळीस दिवसांनी पहिलं गोड...

ओला लोकरी मोजा! शेकोटीवर वाळत घातलेला. वरून जरासा शिजलेला कोबी.

तो माझा चेहरा वाचत होता. एक शब्द पुरला असता. ‘छान’ म्हटलं असतं, तर तो राहिला असता. सणाच्या दिवशी एवढंसं खोटं... पण खोट्यावर राहिलेला माणूस मला नको होता.

मी गिळलं. “बिघडलाय.”

त्याचा चेहरा उतरला. “पार?”

“पार. पण ऐक तरी. ऐकू येतंय?” चर्चमागच्या पाणथळीत बेडूक ओरडत होते, शेकड्यांनी. “कधीपासून ओरडतायत?”

“गुरुवार... गुरुवारपासून.”

“बेडूक बोलले की तोट्या उपटायच्या, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. कळ्या फुगायला लागतात, रसाची चव फिरते. हे मी तुला सांगायला हवं होतं. तोंड फुगवून दुसऱ्या वाटेनं गेले, म्हणून राहिलं. चूक माझी. बाकीच्या बाटल्या कुठं आहेत?”

“फळीवरच. ओदील, एवढं कशाला—”

“चल.”

माझे सणाचे बूट चिखलानं भरले. खोपटात काहील थंड होती, फळीवर बाटल्या तारखांनी उभ्या. मी पहिली उघडली, लोण्याच्या दिवसाची. थेंबभर जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

धूर होता त्यात, जरा अतीच. पण त्यामागून उजळत आलं ते सगळं... गोठलेल्या रात्री, दुपारचं ऊन, आणि साल फोडून वर चढणारं पाणी. दुसरी बाटली. तिसरी. पाचवीपाशी माझे डोळे वाहायला लागले.

“रडतेस? एवढा वाईट?”

“गप्प बस जरा. खाऊ दे मला.”

तो हसायला लागला. मीही. आणि तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला. काका! त्यानं आवाज मोठा केला.

“काय रे पोरा, ईस्टरच्या शुभेच्छा. कसा झाला माल?”

आन्सेलनं फोन माझ्यापुढे धरला.

“काका, मी ओदील.” माझा आवाज नेहमीच बारीक, त्या दिवशी तर मलाच ऐकू येईना. “राहू द्या त्याला. पडतो फार, पण उठतो. शिकतो. खरं ऐकून घेतो. मला... मला हवाय तो इथं. पुढच्या वसंतातही. त्याच्या पुढच्याही.”

ॲरिझोनात काका खाकरले.

“पाकाचं विचारलं मी, पोरी.”

आन्सेलनं फोन बंद केला नाही. तसाच फळीवर पालथा घातला, आणि काका “हॅलो? हॅलो?” करत असतानाच माझे पाकानं चिकट झालेले दोन्ही हात हातात घेतले.