थंडाईची वेळ

अनुजा माने म्हणजे कोल्हापूरच्या अग्निशमन दलातली सगळ्यात दणकट बाई. तरी खांद्यावर पाण्याचा पाइप टाकून सरावाचा मनोरा चढायला लागली, की अर्ध्या वाटेवर तिला मळमळायला लागायचं. चेहरा पांढराफटक, हात पोटावर, आणि मग... जाऊ दे, जेवता जेवता वाचत असाल तर नकोच!

डॉक्टरांनी हृदय तपासलं, रक्त तपासलं, पोट तपासलं. सगळं ठणठणीत! मग होतंय तरी काय?

आज संध्याकाळी चंद्रावरच्या नव्या वसाहतीच्या बचावपथकासाठी शेवटची चाचणी होती. आज मनोऱ्याचं टोक गाठलं नाही, तर चंद्र विसरायचा. तिची लेक केतकी कासावीस झाली होती. आईला ताकद यावी म्हणून तिने नेहमीसारखी पेलाभर थंडाई घोटली. बदाम, खसखस, म्हशीचं घट्ट दूध. ही तिच्या पैलवान आजोबांची, आबांची कृती. पेला घेऊन ती तडक दलाच्या यंत्रमानवाकडे, झारीकडे गेली.

"झारी, तुला माणसाच्या आतलं रक्त दिसतं ना? मग सांग की, आईच्या पोटात काय बिघडलंय?"

"बिघडलेलं काहीच नाही. हे बघ." झारीने मागच्या सरावाचं चित्र भिंतीवर पाडलं. आई धावत मनोरा चढायला लागली, तशा तिच्या पायांतल्या धमन्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या) लालभडक झाल्या. पोट मात्र फिकट पडत गेलं.

"अगं बाई! पोटाचं रक्त गेलं कुठं?"

"मोठी आग लागली की तुमच्या पेठेत नळाला पाणी येतं का?"

"कुठलं येतंय! सगळं पाणी बंबांकडे वळवतात."

"तसंच हे. शरीरात रक्त असतं ठरावीक. जोराच्या व्यायामात पायांच्या स्नायूंना ते जास्त लागतं. अंग थंड ठेवायला त्वचेलाही लागतं. मग मेंदूच्या हुकमावरून पोटाकडच्या धमन्या आवळल्या जातात. जितका जोर, तितका पोटाचा पुरवठा कमी. तुझी आई तंदुरुस्त, म्हणून जोरही जबर लावते! अशा वेळी पोटात पचायला जड असं काही असलं, तर ते तिथंच पडून राहतं. पोट कुरकुरतं. तीच मळमळ."

केतकीने हातातल्या पेल्याकडे पाहिलं. बदाम, खसखस, घट्ट दूध, आणि तेही प्रत्येक सरावाच्या आधी!

"पण आबा तर रोज थंडाई प्यायचे! त्यांना कधी..." ती मध्येच थांबली. तिला थंडाई घोटणारे आबा आठवले. उघडे, घामाघूम, अंगभर आखाड्याची लाल माती. "माती! झारी, त्यांच्या अंगाला माती असायची! म्हणजे ते कुस्ती झाल्यावर प्यायचे!"

ती सरावाच्या मैदानाकडे सुसाट धावली. आईने हात पुढे केला.

"आण गं."

"नाही देणार! आधी चढ!" एका दमात केतकीने सगळं सांगून टाकलं.

आईने पुढे केलेला हात मागे घेतला. "मलाही जडच वाटायचं गं. पण तू एवढी मायेने घोटून आणतेस, नको कसं म्हणू?"

केतकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मागून झारी आली. "हा अजून आपला अंदाज आहे हं. खरा की खोटा, ते मनोराच सांगेल. आणि सुरुवात सावकाश करा, अनुजाताई."

शिट्टी वाजली. नेहमी आई जिथं मटकन बसायची, तो मजला आला. केतकीने श्वास रोखला. आईने पाइप दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि ती पुढे निघाली! थेट टोकापर्यंत! वरची घंटा घणघणली, तशी केतकी टुणकन उडाली. थोडी थंडाई सांडलीच.

"झारी, चंद्रावर तर वजन कमी भरतं. तिथं पोट कसं वागेल गं?"

"अजून पुष्कळ शोधायचंय. तू शोधशील?"

केतकी उत्तर देणार, तेवढ्यात वरून आईची हाक आली.

"केतके! आण की गं आता माझी थंडाई!"

केतकी पेला सांभाळत पायऱ्यांकडे पळाली.

"अगं, आधी तिला दम तरी खाऊ दे!" झारी खालून ओरडली.