बारावा रुमाल

विहान, पॅटिओचा तो पांढरा दिवा बंद कर बघू. शेकोटी पुरे आहे. निहारिका, फोन उलटा ठेव. आणि आधीच सांगतो, मी बेचाळीस वर्षं बॉयलर सांभाळलेत, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण ही गोष्ट आमच्या शैलेंद्रच्या बायकोची आहे, वॉलॉंगॉंगच्या श्यामलाची. ती उगीच काहीतरी सांगणाऱ्यातली नाही.

श्यामला मूळची पेणची. गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. तिचे वडील अण्णा डोळ्यांच्या आखणीत वाकबगार होते. सगळी मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळे. त्या वेळी कारखान्यात कुणी बोलायचं नाही. डोळे उघडले की मग ती नुसती माती नाही राहत, म्हणून मूर्ती घरी न्यायची तर तोंडावर रुमाल टाकूनच. आणि डोळे नसलेली मूर्ती? ती उघडी नेली तरी चालते. हे लक्षात ठेवा.

लग्नानंतर इथे सिडनीकडे आल्यावर ती वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात रक्त काढायचं काम करायला लागली. चित्रं राहिली वहीपुरती. मग तिथे एकदा बेव्हर्ली नावाची म्हातारी आली, सिडनीपलीकडच्या केलीव्हिलची, गावात पाहुणी आलेली, एक्क्याऐंशी वर्षांची. रक्त देता देता तिला श्यामलाच्या वहीतलं एक चित्र दिसलं आणि तिथून दोघींचं जमलं. बेव्हर्ली मॉर्मन, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाची. ते लोक चहा-कॉफी पीत नाहीत हे श्यामलाला पहिल्यांदा ती घरी आली तेव्हा कळलं. आल्याचा फक्कड चहा ओतून द्यावा लागला आणि म्हातारीला मायलो, म्हणजे चॉकलेटचं दूध, करून दिला.

तर या बेव्हर्लीला एक ध्यास होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सिडनीहून मॉर्मनांचं एक जहाज कॅलिफोर्नियाला निघालं होतं. तिथून पुढे बैलगाड्यांनी वाळवंट तुडवत यूटाला, त्यांच्या पंथाच्या मुलखात. पुरुषांची नावं पुस्तकांत आहेत, पाट्यांवर आहेत. बायकांना कोण विचारतो? बेव्हर्लीने तीस वर्षं कागद उपसून बारा बायका शोधल्या आणि श्यामलाला म्हणाली, यांची चित्रं काढ. अकरा जणींचे म्हातारपणीचे काळपट फोटो होते. श्यामलाने ते पाहिले आणि म्हणाली, फोटो काळा म्हणून बाई काळी का? तिने एकीला राणी रंगाची शाल दिली, एकीला पोपटी झगा, एकीच्या मागे शेंदरी आकाश. पेणचे सगळे रंग त्या बायकांच्या अंगावर आले. बेव्हर्लीने पहिलं चित्र पाहिलं आणि रडलीच.

राहिली बारावी. तिचा फोटो नाही. नावसुद्धा नाही. जहाजाच्या यादीत एवढंच, ‘टॉमसची बायको, सोबत तान्ही मुलगी.’ एकोणिसाव्या दिवशी ती तापाने गेली आणि तिला समुद्रात सोडलं. मुलगी इतर बायकांनी वाढवली. ती मुलगी बेव्हर्लीची पणजी. म्हणजे ही बारावी बेव्हर्लीची खापरपणजी झाली.

श्यामलाने तिला निळा झगा दिला, पिवळी ओढणी दिली, हनुवटी दिली, ओठ दिले. डोळ्यांपाशी हात अडला. बेव्हर्ली म्हणाली, मनाने काढ, मला चालतील. तिच्या चर्चमध्ये चित्रांचं प्रदर्शन ठरलं होतं आणि लगेच सोमवारी तिचं हृदयाचं ऑपरेशन होतं, त्याआधी तिला खापरपणजीला एकदा बघायचं होतं. पण श्यामलाला जमेना. अण्णांनी कधी अंदाजाने डोळे काढले नव्हते. दोन आठवडे ती बाई बिनडोळ्यांची भिंतीला टेकून उभी होती आणि श्यामलाची झोप उडाली होती. रात्री तीनदा उठून ती चित्रापाशी जायची, ब्रश उचलायची, ठेवायची. शैलेंद्र वैतागला होता.

शेवटी प्रदर्शनाची तारीख आली. शनिवारी सकाळी आठला चित्रं लावायची. शुक्रवारी श्यामलाची संध्याकाळची शिफ्ट. म्हणजे शिफ्टनंतरच चित्रं केलीव्हिलला बेव्हर्लीच्या घरी पोचवायला हवी होती. साधं काम. तारीख होती १७ जून २०२२. संकष्टी. उपास सोडायलाही वेळ नव्हता, तिने एक केळं खाल्लं आणि गाडी भरली.

आईच्या जुन्या सुती साडीचे तिने अकरा रुमाल फाडले होते. अकरा चित्रांच्या तोंडावर अकरा रुमाल बांधून चित्रं मागे उभी रचली. बारावं मावेना, ते मागच्या सीटवर बसवून बेल्ट लावला. त्याला रुमाल नाही. शैलेंद्रने विचारलंसुद्धा, हिला का नाही? ती म्हणाली, “हिला डोळेच नाहीत, हिला काय झाकायचं?”

चुकली ती इथे.

दहा वाजून वीस मिनिटांनी ती निघाली. माउंट औस्ली चढून पिक्टन रोडला लागली. तो रस्ता मी पाहिलाय. दोन्ही बाजूंना नुसतं रान, मध्ये एकही घर नाही, कोळशाचे ट्रक तेवढे समोरून येतात. त्या रात्री वर धुकं होतं. श्यामलाने रेडिओ लावला, बंद केला, परत लावला. मनाला स्वस्थता नव्हती. आता त्या म्हातारीसमोर आंधळी बाई उभी करायची, हेच डोक्यात घोळत होतं.

आधी वास आला. खारट, ओला. तिला वाटलं, समुद्राची हवा. पण समुद्र तर वीस किलोमीटर मागे राहिला होता, आणि काचा बंद होत्या.

समोरून ट्रक आला. त्याच्या दिव्यांनी गाडी आतून उजळली. तिची नजर आरशात गेली.

मागच्या सीटवर चित्र होतं. निळा झगा. पिवळी ओढणी.

आणि डोळे होते.

ट्रक गेला. काळोख. श्यामलाने स्वतःला समजावलं, उपाशी पोट, धुकं, दिवसभराचा शीण. दुसरा ट्रक आला. तिने पाहायचं नाही ठरवलं होतं. पाहिलं.

डोळे होते. आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. या खिडकीकडे… त्या खिडकीकडे… खाली सीटवर… परत खिडकीकडे. काहीतरी हरवल्यासारखे शोधत होते.

तिने गाडी कडेला घेतली. आतला दिवा लावला. मागे वळून पाहिलं.

कोरे. पांढरे. तिने सोडले होते तसेच.

आरशात पाहिलं…

आता ते तिच्याकडे बघत होते.

निहारिका, हसू नकोस. मी तिला विचारलं होतं, अगं, मग पळाली का नाहीस? ती म्हणाली, “काका, भीती वाटली, खूप वाटली. पण दोन आठवडे मी हेच तर मागत होते.”

पर्समध्ये अण्णांचा आखणीचा बारीक ब्रश असायचा, कायम. रंगांचं खोकं पुढेच होतं. ती मागच्या सीटवर जाऊन बसली. चित्र मांडीवर घेतलं, तान्हं मूल घेतात तसं. हात लांब करून पुढचा आरसा आपल्याकडे वळवला. मांडीवर कोरा चेहरा. आरशात तोच चेहरा, डोळ्यांसकट. बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं. तपकिरी घेतला, त्यात शेवाळी कालवला, आरशातला रंग जुळेपर्यंत कालवत राहिली. मग श्वास धरला.

उजवा.

गाडी गप्प. बाहेर एकही ट्रक नाही.

डावा.

काचेवरून आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं. तिने पुसलं नाही. ब्रश उचलला. आरशात बघितलं, मांडीवर बघितलं… दोन्हीकडे एकच बाई होती. आणि शोधणं थांबलं होतं.

मग तिला रुमाल आठवला. डोळे उघडले, आता झाकायला हवं होतं. गाडीत एक चिंधी नव्हती. अंगावर जाकीट तेवढं, त्यावर हॉस्पिटलचे डाग. ते तिच्या तोंडावर कसं टाकायचं? तिने चित्र परत बेल्टमध्ये बसवलं आणि मोठ्याने म्हणाली, “बाई, माझ्याकडे बारावा रुमाल नाही. राग मानू नकोस.”

आरसा तिने सरळ केला नाही. तशीच, मागचं काही न बघता, केलीव्हिलपर्यंत गेली. एकदाही थांबली नाही. एकदाही वळली नाही.

एक वाजायला दहा मिनिटं होती. बेव्हर्ली ड्रेसिंग गाऊनमध्ये गॅरेजपाशी उभीच होती. आधी तिने अकरा चित्रं मोजली. मग श्यामलाने मागचं दार उघडलं, बारावी दाखवायला.

बारावीच्या तोंडावर कापड होतं.

साडीचं नाही. जाडंभरडं, पिवळट, कडेला हाताने घातलेली बारीक टीप. हातभर लांब. एका कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं, सीटवर.

बेव्हर्लीला काय ठाऊक, तिने सहज उचललं. कापड हातात तसंच राहिलं. चित्राकडे बघत ती हळूच म्हणाली, हे माझ्या आईचे डोळे आहेत. थेट तिचे. तुला कुणी सांगितलं? श्यामलाने तिच्या आईचा फोटो कधी पाहिला नव्हता.

मग बेव्हर्लीचं हातातल्या कापडाकडे लक्ष गेलं. तिने बोटांनी ती टीप चाचपली. आणि खाली पायरीवर बसली. तिच्याकडे त्या जहाजावरच्या एका बाईचं पत्र होतं. ते तिने कधी कुणाला दाखवलं नव्हतं, श्यामलालाही नाही, कारण वाचताना तिलाच सहन व्हायचं नाही. त्यात लिहिलं होतं की मढं गुंडाळायला शिडाचं कापड देता येत नव्हतं, म्हणून तिला समुद्रात सोडताना बायकांनी तिच्या तोंडावर मुलीचं दुपटं टाकलं.

ऑपरेशन नीट झालं. म्हातारी अजून ठणठणीत आहे, मलाही मायलो पाजते. बारा जणी तिच्या चर्चच्या हॉलमध्ये लागल्यात. ते दुपटं तिने घरच्या लाँड्रीत, कपडे धुवायच्या खोलीत, दोरीवर वाळत घातलंय. तीन वर्षं झाली. मध्ये चव्वेचाळीस डिग्रीचा उन्हाळा येऊन गेला. गेल्या महिन्यात मी गेलो होतो. बॉयलरवाला माणूस मी, हात लावून बघितल्याशिवाय ऐकतो होय? लावला.

ओलं होतं.