खुर्चीवरचा झब्बा

तो मोबाइल पालथा ठेव, आर्या, उजेड डोळ्यांवर येतो माझ्या. आणि यश, मध्ये मध्ये बोलायचं नाही. बोटीवर उभा जन्म इंजिनं सांभाळण्यात गेला, थापा मारायला मला कधी सवडच मिळाली नाही.

ही सारंगची गोष्ट. पलीकडच्या ब्लॉकमधला सारंग, गणपतीत आरतीला तबला वाजवतो तो. तो स्वतः हे कोणाला सांगत नाही. मला एकदाच सांगितलं, इथेच, या यिशुनच्या बाकावर बसून. हे घडलं दोन हजार पंचवीसच्या सप्टेंबरात, सात तारखेला, रविवारी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण.

सारंगचा एक मित्र होता, हेमचंद्र. पुण्यात होस्टेलला दोघं एका खोलीत राहिलेले. सारंगला इथे सिंगापूरला आणलं ते हेमचंद्रनेच. चांगीच्या ऑफिसात सारंग त्याच्याच हाताखाली, त्यामुळे हेमचंद्र म्हणेल ती पूर्व दिशा. या हेमचंद्रला वेड होतं बाबिलोनचं. इराकमधलं ते हजारो वर्षांपूर्वीचं शहर. कोणाकडे जेवायला गेला की पानात वरणभात पडायच्या आत याचं सुरू. त्यांचा मार्दुक देव, मातीच्या पाट्यांवरची लिपी, जमिनीखालचं मेलेल्यांचं गाव. तिथे म्हणे मेलेले पिसं पांघरून बसतात आणि धूळ खातात. आम्ही आपले हूं हूं करायचो.

त्यातलं एक मात्र नीट ऐका. तिकडचे ज्योतिषी ग्रहण बघून सांगायचे, आता राजा मरणार. मग राजा काय करायचा? एखादा साधा माणूस धरायचा, त्याला आपले कपडे चढवायचे, आपल्या सिंहासनावर बसवायचं आणि स्वतः लपायचं. तेवढे दिवस लपलेल्याला राजा म्हणायचं नाही, शेतकरी म्हणायचं. मरण यायचं ते सिंहासनावरच्याला यायचं. आणि नाही आलं, तर राजाचीच माणसं त्याला मारायची. एकदा म्हणे उलटं झालं. बसवला होता एक माळी, तो जिवंत राहिला, आणि खरा राजा घरात गरम पेज पिता पिता गेला. हे सांगताना हेमचंद्र फार हसायचा.

तर त्या रविवारी दुपारी त्याचा सारंगला फोन आला. "चित्रा पुण्याला गेलीय," चित्रा म्हणजे त्याची बायको, "आणि मला कामाला मलेशियात जोहोरला जावं लागतंय. देवापुढे आईचा अखंड दिवा आहे, ग्रहणात विझायला नको. एक रात्र माझ्याकडे राहशील?" सारंग हो म्हणाला. "बाहेरच्या कपड्यांनी देवाला शिवू नकोस हं. आंघोळ कर आणि माझा धुतलेला झब्बा घाल, खुर्चीवर ठेवलाय. खुर्चीतच बस, तिथून दिवा दिसतो."

आता आपल्यातल्या कोणाला यात काय खटकणार? सोवळं म्हटलं की आपण प्रश्न विचारत नाही. सारंगला उलट भरून आलं. सख्ख्या भावाला सांगावं तसं मला सांगितलं, म्हणाला. ग्रहण कुंभ राशीत होतं आणि हेमचंद्रची रास कुंभ, महिन्यापूर्वी त्याच्या छातीत दुखून गेलेलं, हे सगळं त्याला माहीत होतं. पण सुचायला हवं ना.

तो बुकित तिमाहला हेमचंद्रच्या घरी गेला. त्याने ठेवून दिलेल्या किल्लीने कुलूप काढलं, आंघोळ केली, झब्बा घातला. मोतिया रंगाचा, चित्राने हाताने शिवलेला. तिसरं बटण तुटलं होतं, तिथे तिने हिरवं लावलेलं. घरी फोन करून बायकोला, अनघाला सांगितलं, वल्लरीला झोपवून टाक, सकाळी शाळेत सोडायला मी येतोच. मग खुर्चीत बसला.

दीड वाजून गेला असेल. चंद्र पुरता लाल झाला.

एसी चालू होता, तरी त्याला घाम फुटला. सुक्या मातीचा वास यायला लागला. मग दाराशी काहीतरी फडफडलं, कोंडलेल्या कबुतरासारखं. त्याने हेमचंद्रला फोन लावला. लगेच उचलला.

"हेमू, तुझ्या घरात..."

"कोण हेमू? मी शेतकरी बोलतोय."

सारंगला थट्टा वाटली.

"हेमचंद्र तिथेच आहे ना? खुर्चीत?" आवाज रडका होता. "झब्बा काढू नको म्हणावं त्याला. उजाडेपर्यंत काढू नको म्हणावं. मला मरायचं नाहीये रे..."

फोन बंद झाला.

तेव्हा सारंगला सगळं कळलं. भीती नंतर वाटली, म्हणाला. आधी नुसतं वाईट वाटलं. एका ताटात जेवलेला मित्र, आणि त्याने मला त्याच्या कपड्यांत घालून मरणाला देऊन टाकलं.

दार बंदच होतं. आणि ते आत होतं.

माणसाएवढं. अंगभर पिसं. ओठांवर धूळ.

"काका, डोन्ट ब्लफ ला."

गप, आर्या. बाबा शपथ खोटं नाही सांगत.

ते झब्ब्याकडे बघत होतं. त्याने विचारलं. कुठल्या भाषेत, ते सारंगला सांगता येत नाही. पण कळलं.

कपडे तुझे?

सारंगने मान हलवली. नाही.

मग कोणाचे?

नाव जिभेवर आलं होतं, म्हणाला. एक नाव सांगायचं आणि घरी जायचं. वल्लरी डोळ्यांसमोर आली. तरी नाही सांगितलं. झब्बा काढायला लागला. हिरवं बटण निघेना. निघालं. घडी घातली, खुर्चीवर ठेवली. उघड्या अंगाने उभा राहिला.

"मी सारंग. मला इथे बसवलंय."

ते बघत राहिलं. मग त्याने हात उचलला. स्वतःच्या छातीवर ठेवला.

मलाही बसवलं होतं...

दिवा विझला.

उजाडलं तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. घडी खुर्चीवर तशीच होती. सारंगने आपला शर्ट घातला, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, वल्लरीला शाळेत सोडलं. दुपारी जोहोरच्या हॉटेलातून फोन आला. हेमचंद्र सकाळी नाश्त्याला बसला होता. समोर गरम पेजेची वाटी. पहिलाच घोट.

"मी नाव सांगितलं नव्हतं रे, शामकांत." हे सारंग मला तीनदा म्हणाला. ज्याने केसाने गळा कापला त्याच्यासाठी रडत होता.

चित्रा पुण्याहून आली. सारंगच तिला घेऊन जोहोरला गेला. हॉस्पिटलवाल्यांनी अंगावरचे कपडे पिशवीत घालून दिले. तिने पिशवी उघडली.

"हा कधी नेला याने? हा घरात घालायचा ना..."

सारंगने खिसा चाचपला. हेमचंद्रच्या घराची किल्ली अजून तिथेच होती.

चित्राने झब्बा मांडीवर पसरला. तिसरं बटण हिरवं होतं.