किल्टची पिन

माणसाचं तोंड दिसणंही दुर्मीळ झालेल्या लॉकडाउनच्या त्या एप्रिलात, रुचा कचऱ्याचा बिन ढकलत ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या आपल्या गल्लीत आली आणि जागीच थबकली. समोरच्या ड्राइव्हवेत चौकड्यांची किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषी घागरा, नेसलेला एक तरुण कमरेच्या पट्ट्याशी झटापट करत होता. वर पुटपुटत होता, "लाग की रे लेका!"

"मराठी?" रुचा ओरडलीच.

त्याच्या हातून पट्टा गळून पडला.

हा हृषिकेश. स्टीलवर्क्समध्ये इंजिनिअर, आणि शेजारच्या म्हाताऱ्या मिस्टर मॅक्लाउडचा बॅगपाइपमधला चेला. मग काय, रोज संध्याकाळी दीड मीटर अंतर राखून गप्पा रंगू लागल्या. रुंद पट्ट्याचं बकल बरोबर मध्ये हवं, त्याखाली वेगळ्या साखळीने लोंबणारा चामडी बटवा म्हणजे स्पोरन... रुचाला सगळं पाठ झालं. त्याचं हसूही पाठ झालं, पण ते ती कशाला सांगतेय!

सोमवारी तिला देशाच्या पार उत्तर टोकाच्या डार्विनच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. राज्यांच्या सीमा बंद, एकदा गेली की भेट कधी, देव जाणे. आणि हा पठ्ठ्या पट्ट्या-बकलांपलीकडे बोलायचं नाव घेईना!

शनिवारी मॅक्लाउडआजोबांचा नव्वदावा वाढदिवस. सगळी गल्ली आपापल्या ड्राइव्हवेत उभी, आजोबा व्हरांड्यात, हृषिकेश त्यांच्यासाठी पाइप वाजवायला सज्ज, आणि समुद्रावरून असा वारा की बास.

"रुचा, किल्ट उडतेय!"

"पिन आहे ना? दोन्ही पदर धरून घट्ट लाव. आम्ही साडीला तेच करतो!"

"शुअर?"

"नो वरीज रे! माझी साडी कधी सुटली नाही."

त्याने पिन लावली, पाइप फुगवले, ऐटीत पाऊल टाकलं — आणि धडपडला. दोन्ही पदर एकमेकांत घट्ट अडकलेले!

"फक्त वरच्या पदराला, पोरी!" आजोबा खदखदून हसत ओरडले. "पिन नुसती वजनाला असते!"

रुचाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझे दोन्ही हात पाइपांत अडकलेत," हृषिकेश कळवळला. "तूच काढ ना..."

"आणि दीड मीटर?"

"रुचा, प्लीज!"

हातांना सॅनिटायझर चोळत ती रस्ता ओलांडून गेली. पिन काढून तिने नीट वरच्या पदराला लावली.

"इतक्या जवळून तू..."

"काय? बोल की!"

"नको. ट्यून विसरेन."

ती परत फिरली. मग त्याने असं काही वाजवलं की कुत्रीसुद्धा गप्प झाली. टाळ्या विरल्या तशी रुचाने मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. मराठीत काय, कुणाला कळणार आहे!

"हृषिकेश! मी सोमवारी जातेय... पण मला तू हवा आहेस! डार्विनला आणि पुढेही!"

कुणाला एक अक्षर कळलं नाही, तरी गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला.

"काय म्हणाली रे ती?" आजोबांनी विचारलं.

हृषिकेशचे कान लालबुंद. "'हो' म्हणाली."

"ए! तू विचारलंस कधी?" रुचा पलीकडून ओरडली.

पाइप हिरवळीवर ठेवून तो सरळ रस्ता ओलांडून आला.

"डार्विनच्या गॅस प्लांटला गेल्याच आठवड्यात अर्ज टाकलाय, वेडे. तुला विचारायचाच तेवढा धीर होत नव्हता."

रुचाला हसूही आवरेना, आणि रडूही.