खाटेखालचे दगड

पौडच्या एका खासगी दवाखान्यात मी कोडिंगचं काम करते. डॉक्टरांच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड द्यायचा. जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून छातीत सरकला असेल तर के ४४.९. आम्ल वर येत असेल, पण अन्ननलिका सुजलेली नसेल, तर के २१.९. चिमाबाईंना दोन्ही होतं.

फाइल सरळ होती. फक्त एका ओळीशी मी अडले. डॉ. शेखर यांनी लिहिलं होतं, 'खाट उशाकडून उंच केलेली. नवऱ्याने, त्रास सुरू होण्याआधी.'

आम्ल वर येऊ नये म्हणून खाट उशाकडून उंच करतात, पण आजाराच्या आधी उपचार कसा होईल? तारखा जुळल्या नाहीत की विमा कंपनीकडून फाइल परत येते. मी वॉर्डात गेले. चिमाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. शेळ्या राखून राखून रापलेला चेहरा, अंगाला धुराचा वास.

"मावशी, छातीत जळजळ कधीपासून होतेय?"

"दिवाळीपास्नं."

"आणि खाट कधी उंच केली?"

"ती दसऱ्यालाच झालती. सकाळी उठले तर उशाकडच्या पायांखाली दगड. मालकांनी घातलं."

"ते आलेत का बरोबर?"

"ते कुटलं येत्यात. गाभण शेळी गाळात रुतली, ती काढाया धरणात उतरलं. लई दिस झालं. हाती लागलंच न्हाईत."

त्या सरकल्या आणि मला बसायला जागा केली.

एकट्या राहणाऱ्या बाईला काहीही वाटू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं. ती ओळ वगळून कोड टाकले.

चिमाबाई पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा मी फाइल घेऊन डॉक्टरांच्या खोलीतच होते. जळजळ कमी होती.

"पण दगड आता पायाकडं गेल्यात," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "काढून टाका मावशी. अशानं आम्ल घशाशी येईल."

"काढते की. सकाळी परत आसत्यात. वल्लं, गाळानं भरल्यालं."

पाय उंच करून कुणाला झोपवतात, हे दवाखान्यात झाडणाऱ्यालाही ठाऊक असतं. रक्त कमी पडलेल्याला.

"सर, एकदा रक्त बघू या का?"

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग चिमाबाईंच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आतला भाग कागदासारखा पांढरा होता.

त्यांचं हसू गेलं.

सरकलेलं जठर पडद्याला घासून त्यातून आतल्या आत रक्त झिरपत होतं. त्याच दिवशी दाखल करून त्यांना रक्त चढवलं. "आणखी थोडा उशीर झाला असता तर," एवढंच डॉक्टर म्हणाले. शंका कशामुळे आली, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रक्तक्षयाचा कोड वाढवला आणि फाइल मिटली.

पण मन मिटेना. सुट्टीच्या दिवशी लोहाच्या गोळ्या द्यायचं निमित्त करून मी मुळशीला गेले. धरणाच्या वरच्या अंगाला, उतारावर त्यांचं घर. भर दुपार होती. खाली पाणी चकचकत होतं. चिमाबाईंच्या गालांवर रंग आला होता. मला बघून त्यांनी चुलीवर चहा ठेवला.

त्यांची खाट आता सरळ होती. दगड कुठेच नव्हते. मला बरं वाटलं.

तिच्याशेजारी दुसरी एक खाट होती. वर घोंगडं, उशाला घडी केलेलं धोतर.

"कुणी राहायला आलंय का मावशी?"

"व्हय. आदी नुसतं बगून जायचं. आता ऱ्हायलाच आल्यात."

मी खाटेकडे पाहिलं. तिच्यावर कुणीच नव्हतं.

मग खाटेच्या विणीचा सुंभ करकरला. घोंगडं मधोमध दबलं, हळूहळू, आणि तसंच राहिलं.

मी उठले. तोंडून काहीतरी निघालं असावं, कारण चिमाबाईंनी माझा हात धरला.

"हळू बोल पोरी," त्या कुजबुजल्या. "आत्ताच आडवं झाल्यात."