डाव्या हाताचं मलम

कड्यावरच्या एका झाडाची साल आणायची, एवढ्यासाठी ही सगळी पायपीट चालली होती. पिकलेल्या जखमांवर काका आयुष्यभर त्याच सालीचं मलम लावत आले होते. ते खरंच जंतू मारतं का, हे त्यांच्या संशोधक पुतणीला तपासायचं होतं. प्रयोगशाळेत ठेवलेल्या जुन्या सालीला बुरशी लागली आणि तिथेच औषधाचं हसं झालं. काकांकडे मलमाची शेवटची डबी होती, पण ती द्यायला ते तयार नव्हते.

"माझ्या मलमाची कसली परीक्षा घेतेस? ताजी साल घे, काय हवं ते कर!" असं म्हणून कुरकुरत का होईना, वाट दाखवायला ते स्वतःच आले होते.

चढताना दोराने तिचे दोन्ही तळहात सोलवटले. मुक्कामावर तिने दोन्ही हात साबणाने धुऊन पट्ट्या बांधल्या. काकांनी पुढे केलेल्या डबीतलं मलम मात्र फक्त डाव्याला लावलं.

"उजव्यानं काय घोडं मारलंय?"

"तो तुलनेसाठी, काका."

"धन्य आहे तुझी!"

पुढे काटेरी रान लागलं, मग निसरडी घळ. पाणी संपलं, बोलणंही संपलं. उजवा हात सुजून ठणकू लागला. डाव्याची जखम सुकली होती, पण त्याचा आनंद मानण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. झाड सापडलं तेव्हाही ती नुसती बुंध्याला टेकून बसली. मग तिने जपून थोडी साल काढून पिशवीत भरली.

उतरताना काका पुढे होते. त्यांच्या कमरेला बांधलेला, खडकाला वेढा दिलेला दोर ती सवयीने उजव्या हाताने सोडत होती. पिशवीचा बंद तुटलेला, म्हणून ती डाव्या हातात.

काकांचा पाय घसरला!

दोर ताणला. उजव्या हातातून कळ गेली. बोटं सुटू लागली. पिशवी की काका? तिने पिशवी सोडली. डाव्या हाताने दोर गच्च धरला. पिशवी दरीत गेली. दोर थांबला!

काका धापा टाकत कपारीत बसले. ती खाली उतरून त्यांच्याशेजारी कोसळली.

"डाव्या हातानं वाचवलंस ना? मग झालं की सिद्ध!"

"नाही हो काका. एका हातावरून काही सिद्ध होत नाही." तिला रडू आलं. उजवा हात पुढे करून ती म्हणाली, "मरू दे तो प्रयोग. लावा मलम."

काकांनी डबी उघडली. तळाशी बोटभर मलम होतं. पण ते न वापरता झाकण घट्ट लावून त्यांनी डबी तिच्या खिशात घातली.

"त्या हाताला दवाखान्यातलं औषध घे. हे तपासून बघ." त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि जे निघेल ते मला खरं सांग."